डाग पक्ष्याबरोबर फिरतो

४ जानेवारी

ति. साडूभाऊंस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की गेले तीन महिने मी रोज सकाळी तळ्याकाठी बगळ्यासमोर तसाच पालथा पडलेला असतो. सवय झाली आहे.

पस्तीस वर्षं लोकांना खोकल्याच्या बाटल्या दिल्यावर औषधाचं दुकान विकलं, हे तुम्हाला माहीत आहेच. आता काहीतरी छंद हवा म्हणून कॅमेरा घेतला. तुमची मेहुणी, म्हणजे आमची धाकटी, म्हणते, त्यापेक्षा रक्तदाब घेतला असता तर स्वस्तात पडलं असतं. तरी बिचारी रोज थर्मास घेऊन बरोबर येते.

इथल्या हौशी छायाचित्र मंडळात नाव घातलं आहे. एप्रिलमध्ये त्यांचं प्रदर्शन असतं. त्यात माझा एक तरी फोटो लागावा, एवढीच इच्छा. मंडळात एकमेकांच्या फोटोंवर ‘विधायक अभिप्राय’ द्यायची रीत आहे. आधी एक कौतुक, मग एक सूचना, मग पुन्हा एक कौतुक. कुणाचं मन दुखवायचं नाही. माझ्या पहिल्या फोटोवर आलेला अभिप्राय असा होता: “आकाश छान आहे. बगळा सापडला नाही. कागद उत्तम वापरला आहे.”

म्हणून तुमच्याकडे आलो. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवून तुम्ही अख्ख्या गावाच्या हनुवट्या वर केल्या आहेत. सोबत तीन फोटो आहेत. मोबाइलवर पाठवणार होतो, पण ताई, म्हणजे तुमची थोरली, म्हणाल्या, “कागदावर नाही तो फोटोच नाही, आणि फोनवर फोटोची चर्चा नाही, असा ह्यांचा कायदा आहे.” म्हणून पोस्टाने.

मोकळेपणाने लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुम्हाला कळवणार नाही.

आपला,
पालथा साडू

*

११ जानेवारी

औषधवाल्यांस,

पाकीट मिळालं. तुमच्या मंडळाच्या रीतीप्रमाणे अभिप्राय देतो.

कौतुक: पाकीट घट्ट चिकटवलं आहे.

सूचना: तिन्ही फोटोंत मधोमध धुरकट डाग आहे. पंख दिसतात, पाय दिसतात, पाणी तर नको इतकं दिसतं, आणि जिथे पक्ष्याचा डोळा असायला हवा तिथे कुणीतरी अंगठा फिरवल्यासारखं झालं आहे. फोटोत डोळा नाही तर काही नाही, मग तो बगळ्याचा असो की बँकेच्या मॅनेजरचा. लेन्स पुसा. धोतराने नव्हे. शिवाय पक्षी दर वेळी बरोब्बर मधे का? तो काय पासपोर्ट काढायला आला आहे? कोपऱ्यात बसवा, त्याला बघायला थोडी जागा ठेवा.

कौतुक: तिकीट सरळ लावलं आहे.

मला फार वेळ नाही. १ मार्चला इथल्या शाळेची पंच्याहत्तर वर्षं आहेत. आजी-माजी मिळून दोनशे माणसं, पाच रांगा, एक फोटो. या शाळेतलं एकही पोर चाळीस वर्षांत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याकडे बघून हसलेलं नाही. हा एक फोटो मनासारखा झाला की पाटी उतरवली तरी चालेल. तोवर उतरवणार नाही. थोरलीने सांगितलं तरी नाही, आणि ती रोज सांगते.

स्टुडिओवाला

*

२२ जानेवारी

ति. साडूभाऊंस,

सा. न. आणि आभार. तुमचा अभिप्राय धाकटीला वाचून दाखवला. ती इतकी हसली की मला तिच्यासाठी माझ्याच जुन्या स्टॉकमधली खोकल्याची बाटली शोधावी लागली.

धोतर मी आयुष्यात नेसलेलो नाही, तरी लेन्स पुसली. आधी फुंकून, मग ब्रशने, मग खास कापडाने. दुकानदाराला दाखवली, तो म्हणाला, लेन्स लखलखीत आहे, तुम्हीच जरा दमलेले दिसता. तरी जोखीम नको म्हणून पुढे लावायची नवी काच घेतली. तुमचं एक वाक्य मला किती महागात पडलं ते सांगत नाही. कौतुकात बसत नाही.

आणि पक्षी कोपऱ्यात बसवला! म्हणजे तो आपणहून बसला, मी कॅमेरा वळवला. सोबत चार नवे फोटो. खंड्या विजेच्या तारेवर आहे, मागे खांब आहे. हा माझ्या मते प्रदर्शनाचा फोटो आहे. मंडळातल्या एक निवृत्त हेडबाई म्हणाल्या, खंड्याच्या डोळ्यात मला सूर्य दिसला. माझ्या फोटोत कुणाला काहीतरी दिसल्याची ही पहिलीच वेळ.

ग्रुप फोटोसाठी शुभेच्छा. दोनशे माणसांना एका वेळी गप्प कसं बसवता, तेही एकदा कळवा. मला घरात एकीला जमत नाही. (हे धाकटीने वाचलं आहे. पत्र अर्ध्या तासाने पुढे सुरू.)

आता आम्ही दोघेही गप्प आहोत.

आपला,
साडू

*

२९ जानेवारी

औषधवाल्यांस,

कौतुक: अक्षर सुधारलं आहे. आता चिठ्ठी बघून फक्त औषधवाल्यालाच कळतं असं राहिलेलं नाही.

सूचना: काच घेण्याआधी मला विचारायचं. पैसे पाण्यात. डाग तसाच आहे. पक्षी कोपऱ्यात गेला, तर डागही कोपऱ्यात. डोळ्यात सूर्य दिसला म्हणणाऱ्या त्या हेडबाईंना चष्म्याच्या दुकानात पाठवा. तिथे डोळाच नाही, तर सूर्य मावला कुठे? आणि खांब! विजेचा खांब मधेच पोटाला आत गेला आहे. कॅमेरा हलला असं म्हणाल, तर बाकीची तार सरळ कशी? तुम्ही स्वस्तातली लेन्स घेतली आहे, हे आता तरी कबूल करा.

कौतुक: आता काही सुचत नाही. पुढच्या पत्रात दोन देईन.

इकडेही लोकांना फोटोतलं फार कळायला लागलं आहे. परवा एक बाई पासपोर्टचे फोटो परत घेऊन आली. डोळ्यांत चमक यावी म्हणून मी भिंगाखाली बारीक ब्रशने पांढरा ठिपका देतो, हे तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षं देतो आहे. ती म्हणे, ठिपका भुवईवर आहे. मी म्हटलं, बाई, भुवई खाली आली असेल. हल्ली कागदच निसरडा येतो, रंग धरत नाही. दुसरा मागवला आहे.

तुमचा बगळा आणि खंड्या परत पाठवत नाही. थोरलीने घेऊन ठेवले आहेत. तिला आवडले म्हणे. तिला मीही आवडलो होतो, तेव्हा तिच्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

स्टुडिओवाला

*

६ फेब्रुवारी

ति. साडूभाऊंस,

सा. न.

या वेळी एकच फोटो पाठवतो आहे. पक्षी नाही, खांब नाही. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीच्या पांढऱ्या चौकोनी फरश्या, मधल्या फरशीवर पेनाने काढलेला एक ठिपका. मंडळात ‘रेषा’ असा विषय दिला आहे, त्यासाठी. ठिपक्याकडे बघून भोवतालच्या रेषा कशा वाटतात, तेवढंच लिहा. झटपट लिहिलंत तर बरं.

आणि एक सहज विचारतो. तुम्ही फोटो भिंगातून बघता तेव्हा कोणत्या डोळ्याने बघता?

आपला,
साडू

*

१० फेब्रुवारी

औषधवाल्यांस,

ताप आहे का तुम्हाला? ओळीत एकही टोमणा नाही.

डावा. माझ्या उस्तादांनी लावलेली शिस्त आहे: उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा भिंगाला, एकाचं काम दुसऱ्याने करायचं नाही. भिंग लावलं की उजवा घट्ट मिटायचा. तुमच्या मंडळात दोन्ही उघडे ठेवून कुठेच बघत नसतील.

कौतुक: विषय घरातला निवडलात, निदान चिखलात लोळावं लागलं नाही.

सूचना: गवंड्याला बोलवा. ठिपक्याच्या भोवतीच्या फरश्या आत ओढल्यासारख्या बसल्या आहेत. डावीकडच्या दोन रेषा तर लाटेसारख्या गेल्या आहेत. आणि ठिपका कुठे आहे? तुम्ही म्हणता पेनाने काढला. मला तिथे नुसता राखाडी भुगा दिसतो. असलं बांधकाम करून घेतलंत आणि वर त्याचा फोटो काढून मला पाठवता, म्हणजे धन्य आहे.

कौतुक: बाकीच्या भिंतीवरच्या फरश्या मात्र सरळ आहेत. गवंडी सुरुवातीला शुद्धीवर असावा.

स्टुडिओवाला

*

१३ फेब्रुवारी

ति. साडूभाऊंस,

फोन केला होता. ताई म्हणाल्या, फोटोचं असेल तर ते फोनवर येणार नाहीत. मी म्हटलं, फोटोचंच आहे. खोटं बोलायला हवं होतं, ते सुचलं नाही. म्हणून हे कुरियरने.

आज अभिप्राय मी देतो. रीत तीच.

कौतुक: तुमच्याइतकं बारकाईने माझे फोटो आजवर कुणी बघितलेले नाहीत.

सूचना: आमच्या फरश्या सरळ आहेत. खांब सरळ आहे. ठिपका चांगला वाटाण्याएवढा आहे. लेन्सवर डाग असता तर तो दर फोटोत एकाच जागी आला असता. पण मी पक्षी मधे ठेवला तेव्हा डाग मधे, आणि कोपऱ्यात नेला तेव्हा तुम्ही लिहिलंत, डागही कोपऱ्यात. साडूभाऊ, डाग पक्ष्याबरोबर फिरतो आहे. म्हणजे तुम्ही जिथे बघता तिथे तो आहे. तो कागदावर नाही, लेन्सवर नाही. तुमच्या डाव्या डोळ्यात आहे.

पस्तीस वर्षं माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. तुमची पत्रं घेऊन काल त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बगळ्याचा परिच्छेद वाचला, खांबाचा वाचला, आणि फरश्यांच्या परिच्छेदाला चष्मा काढून ठेवला. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतं, त्याने मधलं पुसट होतं आणि सरळ रेषा वाकतात. डोळ्यात इंजेक्शन देतात. लवकर दिलं तर आहे ते राहतं. उशीर झाला की मधला भाग कायमचा जातो. ते म्हणाले, “या आठवड्यात. पुढच्या नाही.”

खात्री करायची तर भिंग घ्या आणि माझी भिंत फक्त एकदा उजव्या डोळ्याने बघा.

दुसरं कौतुक मला आज सुचत नाही. तुमच्याकडे दोन उधार आहेत, त्यातलं एक धरा.

साडू

*

१६ फेब्रुवारी

औषधवाल्यांस,

बघितलं. उजव्याने फरश्या सरळ आहेत.

म्हणजे तुम्ही मला न्हाणीघर पाठवून माझी परीक्षा घेतलीत. अभिप्राय मागायचा बहाणा करून! माझ्या टोमण्यांचा चांगला वचपा काढलात. वर माझी पत्रं परक्या माणसाला वाचायला दिलीत.

मला दिसतं. रस्ता दिसतो, पेपर दिसतो, तुमचं अक्षरसुद्धा दुर्दैवाने दिसतं. १ मार्चला ग्रुप फोटो आहे. आता दवाखान्यात गेलो तर तिसऱ्या दिवशी गावात होईल, स्टुडिओवाल्याला दिसेनासं झालं. शाळेचे लोक त्या चौकातल्या मोबाइलवाल्याला बोलावतील. तो फोटो झाला की जाईन. पंधरा दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही.

थोरलीला सांगितलंत तर संबंध संपले.

स्टुडिओवाला

*

१८ फेब्रुवारी

साडूभाऊ,

संबंध कधी होते? अठ्ठावीस वर्षांत आपण एकमेकांना लग्नाकार्यात ‘काय म्हणता’ यापलीकडे काही म्हटलेलं नाही. तुम्हाला वाटायचं मी गोळ्या मोजणारा, मला वाटायचं तुम्ही लोकांना ‘हलू नका’ म्हणून त्यावर जगणारे. जे काही संबंध झाले ते या दीड महिन्यात झाले. ते संपलेले मला चालणार नाहीत. पोस्टमन आला की मी दारापर्यंत धावत जातो, हे तुम्हाला कधी सांगणार नव्हतो, पण आता सांगतो.

वचपा काढायचा असता तर मी गप्प बसलो असतो. तुम्ही आयुष्यभर बगळ्याला डोळा नाही म्हणत राहिला असता आणि मी मंडळात ती पत्रं वाचून हशा घेतला असता.

ऐका. एक मार्चला भिंगाखाली दोनशे माणसांच्या डोळ्यांत तुम्ही ठिपके देणार. कुणाच्या भुवईवर पडतील, कुणाच्या नाकावर. मोबाइलवाला परवडला. आणि पंधरा दिवसांनी डावा डोळा जाईल तो जाईलच. उजव्याचं काय चाललं आहे, हे तरी कुणी बघितलं आहे?

मी ताईंना अजून काही सांगितलेलं नाही. वीस तारखेला सकाळी दहापर्यंत तुम्ही डॉक्टरांकडे गेल्याचं मला कळलं नाही, तर सांगणार. मग तुम्ही आणि त्या.

फोटोचं म्हणाल, तर तुमच्या वतीने मी काढतो. घाबरू नका. तिपाई तुमची, कॅमेरा तुमचा, पाटी तुमची. बटण फक्त मी दाबीन. मला माणसांचे फोटो काढता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मला भीती वाटते, साडूभाऊ. खरंच वाटते. दाखवून या.

*

४ मार्च

ति. साडूभाऊंस,

तुम्हाला अजून वाचायची परवानगी नाही असं ताई म्हणाल्या, म्हणून हे त्या वाचून दाखवणार आहेत. ताई, नमस्कार. जिथे शिव्या घालतील तिथे थांबू नका, पुढे वाचा.

ग्रुप फोटो सोबत आहे. दोनशे माणसं बगळ्यांपेक्षा वाईट. बगळा निदान एका पायावर गप्प उभा राहतो. तिसऱ्या रांगेतल्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारलं, “स्टुडिओवाले काका कुठे आहेत?” मी म्हटलं, डोळ्यात इंजेक्शन घेऊन पडून आहेत. तर मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आज हनुवटी खाली ठेवली तरी चालेल?” आणि सगळे हसले. त्या क्षणी मी बटण दाबलं. मुख्याध्यापक डोळे मिटून आहेत, पण गावात म्हणे त्यांना तसंच ओळखतात.

विधायक अभिप्राय अपेक्षित आहे. घाई नाही.

आपला,
साडू

*

२४ मार्च

औषधवाल्यांस,

स्वतःच्या हाताने लिहितो आहे. ओळी चढल्या असतील तर चढू द्या.

तुमच्या मुदतीत इंजेक्शन घेतलं त्याला महिना झाला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच इथल्यांनी सांगितलं. डाव्याचा मधला थोडा भाग गेला तो गेला. झिरपणं थांबलं आहे. पंधरा दिवस थांबलो असतो तर सगळा गेला असता. उजव्यात नुकती सुरुवात होती, तिच्यावर लक्ष ठेवायचं आहे. तुम्ही माझे दोन्ही डोळे वाचवलेत असं थोरली म्हणते. मी दीड म्हणतो.

पाटी उतरवली. आपणहून. आरडाओरडा न होता उतरली याचं थोरलीला वाईट वाटलं. तिने बरीच तयारी केली होती.

ग्रुप फोटो बघितला. कौतुक: चाळीस वर्षांत या शाळेचा हसलेला फोटो मी काढलेला नाही. मी त्यांना हसवत असे आणि मग म्हणत असे, “आता हलू नका.” तेवढ्यात हसू जायचं. तुम्हाला ‘हलू नका’ म्हणायचं सुचलं नाही, हे तुमचं अज्ञान आणि तुमचं नशीब.

आता सूचना. ही नीट वाचा, कारण ही माझ्या उरलेल्या डोळ्याने केलेली आहे.

इंजेक्शनच्या दिवशी दोन्ही डोळे मिटून पडून राहायला सांगितलं होतं. थोरली शेजारी बसली होती. मी मनात तिचा चेहरा आणायला गेलो, तर काय आलं असेल? पासपोर्टचा फोटो. हनुवटी वर, कान दिसतायत, हसू नाही. एवढी वर्षं संसार केला आणि माझ्याकडे तिचा तेवढाच फोटो आहे, तोही तिच्या पासपोर्टसाठी. मला रडू आलं. नर्स म्हणाली, रडू नका, डोळ्याला चालत नाही. म्हटलं, बाई, ही सूचना विधायक नाही.

डॉक्टरांनी मला डाव्या डोळ्याने कडेने बघायला शिकवलं आहे. सरळ नाही बघायचं, बाजूला बघायचं, म्हणजे दिसतं. सरावासाठी थोरलीने तुमचे सगळे फोटो काढून दिले. आधी सांगतो: बगळ्याला डोळा आहे. खंड्यालाही आहे. हेडबाईंचा सूर्यही आहे. त्यांना चष्म्याच्या दुकानात पाठवायला सांगितलं त्याबद्दल माफी कळवा.

पण सरावात मी कडा बघत होतो, आणि तुमच्या सातपैकी पाच फोटोंच्या कडेला कुणीतरी उभं आहे. एकात कोपर आहे. एकात अर्धी चप्पल. एकात पाण्यात पडलेली सावली, तिच्या हातात थर्मास. खंड्याच्या फोटोत तर शालीचं टोक वाऱ्याने आत आलं आहे आणि तुम्ही ते तसंच ठेवलं आहे, तुम्हाला दिसलंही नसेल. तीन महिने थंडीत पहाटे ती तुमच्या शेजारी उभी आहे. पक्ष्याचं पीस न् पीस तुम्ही पूर्ण घेतलंत आणि तिला दर वेळी कापलंत.

प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. उद्या सकाळी तळ्यावर जा, नेहमीच्या जागी पालथे पडा, आणि कॅमेरा थोडा डावीकडे वळवा. तिला हनुवटी वर करायला सांगू नका. हसायला सांगू नका. काहीच सांगू नका.

एकदा पक्षी कापला गेला तरी चालेल.

साडूभाऊ